इंदूरहून मँचेस्टर, मधे पन्नास मिनिटं

रिपोर्टमध्ये निकाल आधी लिहायचा आणि कारणं नंतर, ही सवय मला सांवेर रोडवर लागली. तिथल्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो. पंपाचे सुटे भाग मोजायचे, बरोबर असतील तर शिक्का, नसतील तर परत. तेव्हा निकाल आधी सांगतो: दादा आता बरा आहे. रोज सकाळी दोन किलोमीटर चालतो आणि वहिनीने जेवणातलं मीठ कमी केलं म्हणून कुरकुरतो. प्रवासाचा निकाल मात्र असा एका ओळीत सांगता येत नाही.

दादा माझा थोरला भाऊ. सव्वीस वर्षांपासून मँचेस्टरला आहे. आमचं मूळ घर महूचं. आजोबा फौजेत होते, बाबा छावणीतल्या कचेरीत कारकून. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबा गेले. दादा तिकडून लगेच निघाला, पण आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर त्याचं दुसरं विमान चुकलं. इकडे महूला बाबांना बर्फावर ठेवलेलं, बाहेर बेचाळीस डिग्री, भंतेजी येऊन बसलेले. समाजातल्या वडीलधाऱ्यांनी मला विचारलं, थोरला उद्या पोचतोय, थांबायचं का? मी म्हणालो, नाही. दुसऱ्या दिवशी दादा दारात आला तेव्हा मी त्याला सगळ्यांच्या देखत म्हणालो, "माणूस बस चुकवतो. विमान कसं चुकवतो? तीन तास आधी बोलावतात."

दादाचं तेरा दिवसांचं तिकीट होतं, पाचव्या दिवशी तो परत गेला. त्यानंतर नऊ वर्षं आमच्या घरांमध्ये जे बोलणं झालं ते वहिनी आणि माझी बायको सुषमा यांच्यात झालं. आम्ही दोघं आपापल्या घरात फोनच्या जवळपास बसून ऐकत असू.

न थांबण्याचं वडीलधाऱ्यांनी ठरवलं, असं दादाला वाटत होतं. ते मी ठरवलं होतं. बर्फ वितळत होता हे खरं, पण मी रागावलो होतो हेही तितकंच खरं. हे त्याला सांगायचं मी नऊ वर्षं पुढे ढकललं. मग सप्टेंबरमध्ये वहिनीचा फोन आला. दादाच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद, गुरुवारी सकाळी बायपास. सुषमाने फोन माझ्या हातात दिला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, ते बोलत नाहीत, पर राह देख रहे हैं. एवढं मला समजतं."

ऑपरेशनच्या टेबलावर माणूस जातो आणि कधी परत येत नाही. माझी चूक त्याच्या डोक्यात दुसऱ्यांच्या नावावर नोंदलेली राहून तो आत जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. जादा पैसे भरून तातडीने मागितलेला व्हिसा सोमवारी हातात पडला. बुधवारी संध्याकाळी सहाला मँचेस्टरला पोचवणारं एकच तिकीट उरलं होतं. इंदूर ते मुंबई, मुंबई ते आखात, आखात ते मँचेस्टर. आखातात विमान बदलायला एक तास पंचवीस मिनिटं. विमानतळ तोच, दादाचा.

मंगळवार, इंदूर

एक तास पंचवीस मिनिटं पुरतात की नाही हे मी अंदाजावर सोडणारा माणूस नाही. मुलाने इंटरनेटवरून त्या विमानतळाचा नकाशा काढून दिला होता. उतरण्याच्या जागेपासून शेवटच्या दारापर्यंत, मधली विमानतळाची छोटी रेल्वेगाडी सोडून, तेराशे मीटर चालणं. मी छोट्या बॅगेत सात किलो आटा भरला आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून राजवाड्यापर्यंत आणि परत असा चालून आलो. वेळ लागला छत्तीस मिनिटं. त्यातली एकोणीस मिनिटं "कहाँ चल दिए भिया?" असं विचारणाऱ्या दोन ओळखीच्यांची आणि त्यांतल्या एकाने पाजलेल्या चहाची. ती वजा केली. परदेशात चहा कुणी पाजणार नाही हे गृहीत धरलं.

बॅग भरण्याचं काम सुषमाचं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी बॅग भरलेली नाही. भरली तर ती पुन्हा भरली जाते, म्हणून भरत नाही. सुषमा शिक्षिका आहे, सहामाही परीक्षा चालू असल्यामुळे तिला येता येत नव्हतं, आणि त्याची भरपाई ती बॅगेत करत होती.

संध्याकाळी शेजारचे पांडेजी आले. दोन्ही हातांत मिळून एक पार्सल. त्यांचा मुलगा मँचेस्टरलाच नोकरीला आहे. इंदूरमधून बाहेर जाणारा माणूस एकटा जात नाही, त्याच्याबरोबर कुणाचं तरी नमकीन जातं. ही रीत आहे आणि ती मोडणाऱ्याबद्दल मोहल्ल्यात बरं बोललं जात नाही. पांडेजी म्हणाले, बस थोडा सा सामान है, सेव आणि जीरावन. जीरावन म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. तो मिळत नाही म्हणून इंदूरची मुलं परदेशात वाळतात असं त्यांच्या आयांचं मत आहे. पार्सलचं वजन तीन किलो दोनशे. मोठ्या बॅगेत जागा नव्हती, म्हणून सुषमाने ते हातातल्या बॅगेत तळाशी बसवलं. वरून खाकी चिकटपट्टी अशी गुंडाळलेली की टोक सापडत नव्हतं. मी ते उघडून पाहिलं नाही. दुसऱ्याचं होतं.

बुधवार, मुंबई आणि पुढे

पहाटेचं इंदूर-मुंबई विमान वेळेवर गेलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि विमानाबद्दल याहून चांगलं काही लिहिता येत नाही.

मुंबईहून दुसरं विमान साडेदहाला सुटायचं होतं. सगळे बसले, दार मात्र बंद होईना. अर्ध्या तासाने कळलं की एक प्रवासी आलेला नाही आणि त्याचं सामान विमानाच्या पोटात आहे. एकतर तो सापडायला हवा किंवा त्याचं सामान उतरवायला हवं. शेवटी तो सापडला. हातात चॉकलेटची भलीमोठी पिशवी घेऊन संथपणे चालत आला, कुणाकडे न बघता बसला आणि लगेच झोपला. त्याच्यासाठी दोनशे माणसं पस्तीस मिनिटं थांबली होती. मी मनात त्याला बरंच काही बोललो. मग लक्षात आलं की तो चॉकलेटं आणत होता की आणखी कुठे अडकला होता, हे मला ठाऊक नव्हतं. तरीही मी बोललेलं परत घेतलं नाही.

शेजारच्या सीटवर आझमगढचे एक प्लंबर होते, चौदा वर्षं आखातात काम करणारे, नाव इम्तियाज. मी तीनदा घड्याळ पाहिल्यावर त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, दादाच्या ऑपरेशनसकट. विमानात माणूस अनोळख्याला जे सांगतो ते घरच्याला सांगत नाही. त्यांनी मला कडेच्या सीटवर बसवलं. जेवणात भाताबरोबर पनीर आलं. मसाला सौम्य, इतका सौम्य की तो घालायचाच राहिला असावा. माझ्या ताटातला गोड शिरा मी इम्तियाजभाईंना दिला आणि त्यांनी त्यांचं लोणचं मला. त्या व्यवहारात मी फायद्यात राहिलो. उतरायच्या आधी त्यांनी मला मार्ग पाठ करून घ्यायला लावला. "चाचा, निकलते ही दाएँ. ट्रेन में आगे के डिब्बे में चढ़ना, उधर सीढ़ी सामने आती है. और किसी से बात मत करना, आप बात करने वाले आदमी लगते हो."

चाकं टेकली तेव्हा तिथले बारा पन्नास झाले होते. पुढचं विमान एक चाळीसला, दार बंद होणार एक वीसला. म्हणजे तिकिटावर पन्नास मिनिटं, प्रत्यक्षात तीस. आमची रांग एकतिसावी. पुढच्या तीस रांगांचे लोक वरच्या कप्प्यांतून सामान अशा निवांतपणे काढत होते की जणू रात्रीच्या मुक्कामालाच आले आहेत. नऊ मिनिटं त्यात गेली.

मग मात्र मी चाललो. साठाव्या वर्षी मी इतक्या वेगात चालू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्या विमानतळाचं वर्णन करायला हवं, पण मी त्यातलं फारसं पाहिलेलं नाही. फरशी गुळगुळीत होती. दुतर्फा सोन्याची, अत्तरांची, खजुरांची दुकानं होती आणि मधोमध एक खोटं खजुराचं झाड, ज्याच्यासमोर खऱ्या खजुराच्या देशातली माणसं फोटो काढत होती. गाडी मिळाली, पुढचा डबा मिळाला, जिना समोर आला. इम्तियाजभाईंची शिकवण मायक्रॉनपर्यंत बरोबर होती. एक वाजून पाच मिनिटांनी मी सुरक्षा तपासणीच्या रांगेत होतो आणि पुढे फक्त सहा माणसं. मला वाटलं, जमलं.

बॅग यंत्रात गेली आणि बाहेर आली ती वेगळ्या पट्ट्यावर. काचेच्या पलीकडे एक गणवेशातला तरुण अधिकारी होता. तो हिंदी बरी बोलत होता. बॅग आपकी है? मी हो म्हटलं. मग त्याने कागदाकडे बघत, दिवसातून हजारदा विचारतात त्या सुरात विचारलं, ही तुम्ही स्वतः भरली आहे का?

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. चौतीस वर्षांत, स्वतः न मोजलेल्या मालावर मी एकदाही शिक्का मारलेला नाही. एकदा कारखान्याचे मालक स्वतः एक खोकं घेऊन आले, ट्रक दारात उभा होता, म्हणाले, बस साइन कर दो, माल ओके है. मी म्हटलं, असेलही, पण मी पाहिलेला नाही. ट्रक दुसऱ्या दिवशी गेला. त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं.

तेव्हा मी म्हणालो, "नाही."

त्याचा पेन थांबला. त्याने मान वर केली. दुसऱ्या कुणी तुम्हाला काही न्यायला दिलंय का? हो, म्हटलं, शेजाऱ्यांनी. त्यात काय आहे? मी म्हणालो, सेव आणि जीरावन आहे असं सांगण्यात आलं आहे. मी स्वतः पाहिलेलं नाही. मागच्या एका बाईने आपली बॅग माझ्या बॅगेपासून हळूच वीतभर लांब सरकवली.

त्याने साहेबांना बोलावलं. साहेब आले, पन्नाशीचे, हातमोजे घालूनच आले. पार्सल उघडायला सुरुवात झाली. चिकटपट्टीचं टोक त्यांनाही सापडलं नाही. आत प्लास्टिक, प्लास्टिकच्या आत चांदीसारखा कागद, त्याच्या आत इंदूरचं वर्तमानपत्र, त्याच्या आत साडीचा तुकडा. पांडेजींचं बांधकाम पक्कं होतं. साडीच्या तुकड्यात लवंग सेवेची चार पाकिटं निघाली, जीरावनचं एक निघालं आणि अगदी मधोमध, लहान मुलाच्या मोज्यात घातलेली एक वस्तू. दांडा, दांड्याच्या टोकाला गोळा, गोळ्यात काहीतरी सुटं. यंत्राच्या पडद्यावर ते कसं दिसलं असेल याची मला आता कल्पना येते.

तरुण अधिकाऱ्याने ते दोन बोटांत धरून हलवलं. ते वाजलं. चांदीचा खुळखुळा होता. पांडेजींना नातू झाला होता आणि चांदी आहे म्हणून त्यांनी तोंडाने उच्चार केला नव्हता. आमच्याकडे दागिन्याचा उच्चार करत नाहीत. अधिकाऱ्याने खात्रीसाठी पुन्हा वाजवला. मग साहेबांनी वाजवून पाहिला. मग कापडाची पट्टी सगळ्यावरून फिरवून एका यंत्रात घातली, आणि ते यंत्र विचार करत बसलं. जीरावन हुंगून साहेबांना दोन शिंका आल्या. त्यांनी त्याबद्दल माझी माफी मागितली.

यंत्राने हिरवा दिवा दाखवला. साहेबांनी सगळं पुन्हा बांधायला स्वतः मदत केली आणि मग मला विचारलं की मी 'नाही' का म्हणालो. मी म्हटलं, कारण मी भरली नव्हती. साहेब म्हणाले, "सर, ये सवाल हम सबसे पूछते हैं. सब लोग 'हाँ' बोलते हैं."

मग विचारता कशाला, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी दाराकडे हात दाखवला. एक वीस झाले होते.

मी धावलो. बॅगेत खुळखुळा वाजत होता, त्यामुळे लोक आपोआप बाजूला होत होते. शेवटच्या दाराशी पोचलो तेव्हा तिथली मुलगी दोरीचा अडसर लावून कागद जुळवत होती. विमान समोर काचेपलीकडे उभं. नळीसारखा पूल अजून त्याला चिकटलेला. ती म्हणाली, सॉरी सर, चार मिनिटांपूर्वी बंद झालं. मी म्हटलं, विमान तर इथेच आहे. ती म्हणाली, हो, विमान इथेच आहे, दार बंद आहे.

मला तिच्याशी भांडता आलं असतं. दादाचं ऑपरेशन सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. पण मी आयुष्यभर चार मायक्रॉन जास्त निघालेला माल परत पाठवला आहे, आणि समोरच्या माणसाने घरची अडचण सांगितली की म्हटलं आहे, लिमिटच्या बाहेर म्हणजे बाहेर. मी तोंड मिटलं. पूल मागे सरला. विमान आणखी अकरा मिनिटं तिथेच उभं होतं, मी मोजली. मग ते गेलं आणि मला रडू आलं. तिथे उभा राहून मी रडलो, बॅग हातात धरून, आणि मुलीने मला पाणी आणून दिलं.

मदतीच्या टेबलावर कळलं की मधली दोन्ही विमानं भरलेली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या विमानात जागा होती. ते मँचेस्टरला दुपारी साडेबाराला पोचणार. ऑपरेशन सकाळी आठला.

वहिनीच्या नंबरावर फोन लावला. फोन दादाने उचलला.

"दादा, मी बोलतोय."

"बोल."

"माझं विमान चुकलं."

नऊ वर्षांपूर्वी मी त्याला जे म्हणालो होतो ते मला आता ऐकावं लागणार होतं, आणि त्याला तो पूर्ण हक्क होता. मी फोन कानाला घट्ट धरला.

"किती मिनिटांनी?" दादाने विचारलं.

"चार."

"माझं नऊ मिनिटांनी चुकलं होतं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "तू मदतीच्या टेबलाजवळ आहेस का? तिथून सीधा जा. नमाजच्या खोलीच्या पुढे पाण्याचा नळ आहे, त्याच्या मागे चार बाकं आहेत. त्यांना बीच में हात नाहीत. बाकी सगळ्या बाकांना आहेत, झोपता येत नाही. बॅग उशाला घे. सुबह पाचला फरशी पुसायला येतात. ते उठवत नाहीत, फक्त पाय वर घ्यायला सांगतात."

मी विचारलं, तू तिथे किती वेळ होतास? एकोणीस तास, तो म्हणाला. नऊ वर्षांत हा प्रश्न मी त्याला पहिल्यांदा विचारत होतो. बाबांना आम्ही नेलं तेव्हा तो त्या नळामागच्या बाकावर बसलेला होता, आणि मी त्याला विमान कसं चुकवतोस म्हणून विचारलं होतं.

"दादा, मला तुला काहीतरी सांगायचंय. बाबांच्या दिवशीचं."

"फोनवर नको," तो म्हणाला. "समोर बोल. अभी काही खाऊन घे, छोटू."

बाकं त्याने सांगितली तिथेच होती. दोन दुसऱ्यांनी घेतली होती, दोन रिकामी. पांडेजींच्या मुलाच्या सेवेला मी हात लावला नाही. पावभाजीसारखं दिसणारं काहीतरी विकत घेऊन खाल्लं, ते पावभाजी नव्हतं. समोर बसून बोलणं होईल की त्याआधीच सगळं संपेल, याचा विचार करत झोप लागली. पाचला एका माणसाने पाय वर घ्यायला सांगितलं.

गुरुवार, मँचेस्टर

मँचेस्टरला पाऊस पडत होता, पण तिथे त्याला पाऊस म्हणत नाहीत. टॅक्सीवाल्याने आज हवा छान आहे असं सांगितलं. तो मूळचा लाहोरकडचा. हॉस्पिटल ऐकल्यावर त्याने विचारलं, कौन है? भाई, म्हटलं. मग त्याने गाडी जोरात हाणली. रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. इंदूरमध्ये मागच्याने हॉर्न वाजवला नाही तर आपण मागे वळून बघतो, त्याला बरं नाही की काय म्हणून.

हॉस्पिटलमध्ये त्याहून शांतता. आमच्याकडे एका पेशंटमागे दहा माणसं असतात, त्यांतली चार डबे घेऊन आणि दोन डॉक्टरला सल्ला द्यायला. इथे लांबलचक मोकळा बोळ आणि एक म्हातारे गृहस्थ एकटे बसून पुस्तक वाचत होते. सव्वा वाजून गेला होता. ऑपरेशन होऊन गेलं असणार, असं धरूनच मी नर्सला दादाचं नाव सांगितलं आणि तो कसा आहे विचारलं. तिने माझ्या मोठ्या बॅगेकडे पाहिलं. "तुम्ही भाऊ का?" म्हणाली. "बरं झालं आलात. ते भुकेले आहेत आणि चिडले आहेत."

दादा हॉस्पिटलचा निळा झगा घालून पलंगावर बसला होता. सहासष्टाव्या वर्षी त्याचे सगळे केस पांढरे झाले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी खुर्चीत. मला बघून ती उठली आणि बाहेर गेली.

डॉक्टरांची त्या दिवशी दोन ऑपरेशनं होती, दादाने सांगितलं. एक सकाळी आठला, एक दुपारी दोनला. दुपारचं ऑपरेशन दुसऱ्या एका बाईंचं होतं. काल माझा फोन ठेवल्यावर त्याने हॉस्पिटलला फोन करून त्या बाईंशी पाळी बदलून मागितली. डॉक्टर आधी नाही म्हणाले. भाऊ काय, नंतरही भेटेल, म्हणाले. शिवाय दुपारपर्यंत उपाशी राहावं लागेल. दादाने ते कबूल केलं.

"मी म्हटलं, थांबू," दादा म्हणाला. "लहान भाऊ आहे, निकल चुका है, रस्त्यात अडकलाय. थांबू."

मी पलंगाच्या कडेला बसलो. काय बोलायचं ते मी मुंबईपासून जुळवत आणलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. दादाच म्हणाला, "आता बोल. त्या दिवशीचं सांग. कोण आलं होतं, काय झालं, मला आजवर कुणी बताया ही नहीं."

मी सांगितलं. पहिल्यापासून, क्रमाने, जसं मला सांगता येतं तसं. बाबा पहाटे चहा मागून गेले इथपासून. कोणत्या शर्टात ठेवलं, भंतेजी किती वाजता आले, गल्लीतल्या कोणी बर्फ आणला, आजोबांच्या पलटणीतले दोन म्हातारे काठी टेकत कसे आले आणि उभं राहून सलाम करून गेले. दादा एकेक गोष्ट दोनदा विचारत होता. मग मी त्या जागी आलो.

"मग सगळ्यांनी मला विचारलं, थोरल्यासाठी थांबायचं का," मी म्हणालो. "मी नाही म्हटलं. वडीलधाऱ्यांनी नाही, मी. रागाने म्हटलं."

तेवढ्यात दोघं चाकांचा पलंग घेऊन आले आणि सव्वाशे कागद तपासायला लागले, मनगटावरची पट्टी, नाव, जन्मतारीख, पुन्हा नाव. त्यांची पद्धत चांगली होती. एरवी मी कौतुक केलं असतं. दादाने सगळी उत्तरं दिली. त्याला त्या पलंगावर निजवल्यावर त्याने माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"बर्फ किती उरला होता?" त्याने विचारलं.

"अर्धी लादी."

"म्हणजे तीन-चार तास. मी उद्यावर होतो."

"मी तेव्हा हिशोब केला नव्हता, दादा."

"मी केला होता," तो म्हणाला. "त्या बाकावर बसून, रातभर. नाही पुरत." त्याने हात सोडला नाही. "रागाने म्हणालास ते मात्र चुकलं तुझं."

"चुकलं," मी म्हणालो.

पलंग ढकलायला लागले तसा मी बरोबर चालत गेलो. दुहेरी दारापाशी नर्सने मला थांबवलं. दादाने मान वळवली, म्हणाला, "बाबांना नेलं कुणी कुणी, ते राहिलं सांगायचं. बाहेर आलो की सांग." मग दारं मिटली. नर्स म्हणाली, सहा तास लागतील, कदाचित जास्त, तुम्ही लांबून आलात, घरी जाऊन झोपा, आम्ही फोन करू. मी म्हटलं, नको, मी थांबतो.